लँगॉलेन आंतरराष्ट्रीय आयस्तेदवॉद

देशोदेशीची लोकनृत्ये, लोकगीते आणि वृंदगान यांचा वेल्समध्ये दर जुलैत भरणारा स्पर्धात्मक महोत्सव. पहिला महोत्सव जून १९४७ मध्ये झाला. ईशान्य वेल्समधील डेन्बीशर परगण्यात, डी नदीच्या काठी लँगॉलेन हे गाव आहे. गावाची वस्ती साडेतीन हजारांच्या आसपास. मात्र महोत्सवाच्या ऐन भराच्या वर्षांत तेथे सुमारे ४,००० कलाकार आणि ५०,००० श्रोते-प्रेक्षक जमत आले आहेत. येणारी पथके प्रामुख्याने हौशी असतात. कामगार, शिक्षक, विद्यार्थी, शेतकरी अशी ही माणसे आपल्या गावचे गाणे आणि नाच घेऊन येतात, परीक्षकांपुढे सादर करतात आणि चार दिवस एकमेकांच्या संगतीत काढतात. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपातील माणसांना पुन्हा एकमेकांशेजारी बसवण्याच्या इच्छेतून हा महोत्सव जन्मला. त्याचे मोल ठरवताना बक्षिसांच्या यादीइतकाच हा हेतूही लक्षात घ्यावा लागतो.

पूर्वपीठिका : आयस्तेदवॉद म्हणजे काव्य व संगीत यांच्या स्पर्धांचा वेल्श मेळा. लॉर्ड रिस या राजाने ११७६ मध्ये कार्डिगनच्या किल्ल्यात कवी आणि वादक यांच्या स्पर्धा भरवल्या होत्या आणि परंपरेचा आरंभ तेथून धरतात. लँगॉलेनचेही या परंपरेत जुने स्थान आहे. १८५८ मध्ये येथे भरलेला मेळा दोन कारणांनी गाजला. पाँटीप्रिड येथील इव्हान जेम्स व त्यांचा मुलगा जेम्स जेम्स यांनी १८५६ मध्ये रचलेले एक गीत या मेळ्यात स्पर्धेसाठी आलेल्या संग्रहात होते. तेच पुढे वेल्सचे राष्ट्रगीत झाले. दुसरी घटना अभिमानाची नाही. मॅडॉक या वेल्श राजपुत्राने कोलंबसाच्या कित्येक शतके आधी अमेरिका शोधली, या दंतकथेवर निबंधस्पर्धा ठेवली होती. टॉमस स्टीव्हन्स या अभ्यासकाने पुरावे तपासून ही कथा खरी नसल्याचे दाखवले. निबंध विषयाला धरून नाही, असे म्हणत त्यांना बक्षीस नाकारण्यात आले. स्टीव्हन्स यांचा निष्कर्ष आज इतिहासकारांना मान्य आहे.

स्थापना : १९४३ मध्ये, युद्ध चालू असताना, वेल्सचा राष्ट्रीय आयस्तेदवॉद बँगर येथे भरला होता. जर्मनीने व्यापलेल्या देशांची निर्वासित सरकारे तेव्हा ब्रिटनमध्ये आश्रयाला होती. ब्रिटिश कौन्सिलमध्ये काम करणारे पत्रकार हॅरॉल्ड ट्यूडर यांनी त्या सरकारांच्या काही प्रतिनिधींना हा मेळा दाखवायला नेले. मायभूमी गमावलेली ती माणसे भारावून गेली. युद्ध संपल्यावर साऱ्या देशांसाठी असा मेळा भरवावा, ही कल्पना ट्यूडर यांच्या मनात तेथूनच रुजली. राष्ट्रीय मेळा वेल्श भाषेच्या जतनासाठी होता, त्यामुळे नव्या कल्पनेला वेगळे घर शोधणे भाग होते. लँगॉलेनचे संगीतकार व संगीतप्रकाशक डब्ल्यू. एस. ग्विन विल्यम्स आणि नगरपरिषदेचे अध्यक्ष असलेले शिक्षक जॉर्ज नॉर्दिंग यांनी ती उचलून धरली. १९४६ मध्ये गावात जाहीर सभा झाली आणि गावकरी वर्गणी जमवू लागले. विल्यम्स यांनी संगीताची बाजू पुढे अनेक वर्षे सांभाळली. स्पर्धेतील गीतांची निवड काटेकोर असावी, हा त्यांचा आग्रह होता. मेळ्याला जत्रेचे रूप न येता संगीतविश्वात वजन आले, त्याचे मोठे श्रेय या आग्रहाला द्यावे लागेल.

पहिल्या वर्षाचे धाडस आज उमगणे कठीण आहे. त्या वेळी ब्रिटनमध्ये शिधावाटप चालू होते. युद्धकाळात कधी न झालेले पावाचे रेशनिंगही १९४६ पासून सुरू झाले होते. गावात एवढ्या पाहुण्यांना पुरतील अशी हॉटेले नव्हती. लोकांनी आपापल्या घरी, मोजक्या शिध्यातून, अनोळखी परदेशी माणसांची सोय केली. त्यातच जून १९४७ मध्ये फ्रान्समध्ये रेल्वेचा संप झाला. काही पथके वाटेतच अडकली, तर हंगेरीतील कामगारांचा गायकवृंद मिळेल त्या वाहनाने मजल दरमजल करत येऊन पोचला. परक्या देशात आधी न पाहिलेल्या कुटुंबाच्या घरी उतरायचे, सकाळी त्यांच्यासोबत न्याहारी करायची आणि दुपारी व्यासपीठावर गायचे, हा शिरस्ता तेव्हाच पडला. महोत्सवाचा खरा पाया या घरांमध्ये घातला गेला.

या पायाची कसोटी १९४९ मध्ये लागली. ल्यूबेक येथील गायकवृंद त्या वर्षी आला. जर्मनीतून येथे आलेला तो पहिला वृंद. मार्च १९४२ मध्ये ब्रिटिश विमानांनी ल्यूबेकचे जुने शहर जाळून टाकले होते. इकडे लिव्हरपूलवर जर्मन बाँब पडले होते आणि तेथील मुले उत्तर वेल्सच्या घराघरांत आसऱ्याला राहिली होती. युद्ध संपून चारच वर्षे झाली होती. श्रोते या पाहुण्यांचे स्वागत कसे करतील, याची धास्ती गाणाऱ्यांना होती आणि संयोजकांनाही. निवेदकाने त्यांची ओळख जर्मनीहून आलेले आपले मित्र अशी करून दिली आणि तंबूत टाळ्यांचा कडकडाट झाला. शांततेवरची भाषणे युरोपने त्या काळात पुष्कळ ऐकली. त्या टाळ्या मात्र ज्यांच्या घरातली माणसे युद्धात गेली होती, अशांच्याही हातांनी वाजवलेल्या होत्या. महोत्सवाच्या साऱ्या इतिहासात याहून मोठा क्षण दाखवता येणार नाही.

१९५३ साल वेगळ्या कारणांनी लक्षात राहिले. राज्याभिषेकाला जेमतेम महिना झालेली राणी एलिझाबेथ येथे आली. कवी डिलन टॉमस बीबीसीसाठी आले आणि त्यांनी महोत्सवावर नभोवाणी-निबंध सादर केला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्कमध्ये त्यांचे निधन झाले. ओबर्नकिर्खेन या छोट्या जर्मन गावातील बालवृंदाने तेव्हा स्पर्धा जिंकली. त्यांची संचालिका एडिट म्यॉलर हिच्या भावाने संगीत दिलेले भटक्याचे गाणे मुलांनी गायले. बीबीसीने ते घराघरांत पोचवले आणि पुढल्या वर्षी ब्रिटनमधील लोकप्रिय ध्वनिमुद्रिकांच्या यादीत ‘हॅपी वॉन्डरर’ या नावाने ते २६ आठवडे टिकून होते. जर्मन मुलांचे गाणे ब्रिटिश माणूस रस्त्याने गुणगुणत होता आणि युद्धाला दहा वर्षेही उलटली नव्हती.

१९५५ मध्ये इटलीतील मोदेना शहराच्या ‘कोराले रोस्सिनी’ या वृंदाने पुरुषांच्या गटात पहिले बक्षीस मिळवले. वृंदात फर्नांदो पावारोत्ती हे पावभट्टीत काम करणारे गायक होते आणि त्यांच्या शेजारी त्यांचा १९ वर्षांचा मुलगा लुचानो उभा होता. गायकच व्हायचे हा आपला निश्चय या यशाने पक्का केला, असे पावारोत्ती पुढे जगप्रसिद्ध झाल्यावर आवर्जून सांगत. १९९५ मध्ये, चाळीस वर्षांनी, ते येथे पुन्हा गायले. शनिवारी रात्री निरनिराळ्या गटांतील विजेत्या वृंदांमधून ‘जगाचा वृंद’ निवडला जातो आणि त्याला पावारोत्तींच्या नावाचा चषक देतात. यहुदी मेनुहिन, मोन्सेरात काबाये, किरी ते कानावा अशा नामवंतांनी येथील सायंकालीन मैफलींत भाग घेतला आहे. प्लासिदो दोमिंगो ब्रिटनमध्ये प्रथम गायले ते १९६८ मध्ये याच गावात.

नृत्य : महोत्सवाची कीर्ती वृंदगानाने झाली. रंग मात्र त्याला लोकनृत्यांनी दिला. पूर्व युरोपातील वर्तुळनृत्ये, बास्क प्रदेशातील काठ्यांचे नाच, आफ्रिकेतील ढोलांवरची नृत्ये, पंजाबचा भांगडा हे सारे एका व्यासपीठावर पाहायला मिळते. सोबतचे संगीत प्रत्यक्ष वाजवलेले असावे, अशी अपेक्षा असते. परंपरेने चालत आलेला नाच आणि मंचासाठी नव्याने बांधलेला नाच यांचे गट वेगळे ठेवण्याची पद्धत येथे रूढ झाली, आणि ती शहाणपणाची आहे. सुगीच्या वेळी गावकरी वर्तुळ धरून नाचतात तेव्हा त्यांची तोंडे एकमेकांकडे असतात. तोच नाच मंचावर आला की वर्तुळ मोडते, त्याची अर्धी कड प्रेक्षकांकडे वळते, पावले एकसारखी होतात आणि तासभर चालणारा खेळ काही मिनिटांत आटोपतो. स्पर्धा नाचाला सफाई देते आणि त्याची किंमतही वसूल करते. दोन्ही रूपांना आपापले स्थान आहे, पण एकाच मापाने दोन्ही जोखली तर चकचकीत पथक नेहमी जिंकेल आणि म्हाताऱ्या वादकाला घेऊन आलेले साधे पथक हरेल. म्हणून नृत्यांचा सर्वांत मोकळा आविष्कार स्पर्धेबाहेर, गावातून निघणाऱ्या मिरवणुकीत दिसतो. पारंपरिक वेशातील पथके रस्त्यावरून वाजतगाजत जातात, वेगवेगळ्या देशांचे वादक एकमेकांच्या तालात ताल मिसळतात आणि तेथे गुण द्यायला कोणी नसते.

शांतिसंदेश वाचणे हा महोत्सवाचा जुना प्रघात आहे. स्थानिक शाळांतील मुले तो सादर करतात. व्यासपीठासमोरची फुलांची भव्य आरास दरवर्षी स्वयंसेवक करतात. २००४ मध्ये टेरी वेट यांनी महोत्सवाचे नाव नोबेल शांतता पुरस्कारासाठी सुचवले होते. वेट हे स्वतः बैरूतमध्ये जवळजवळ पाच वर्षे ओलीस राहिलेले, म्हणून त्यांच्या शिफारशीला वेगळा अर्थ आहे.

मंडप व सद्यःस्थिती : सुरुवातीची साडेचार दशके कार्यक्रम मोठ्या तंबूत होत. ताणलेल्या पांढऱ्या छताचा कायमचा मंडप १९९२ मध्ये उभा राहिला. कोरोनामुळे २०२० चा महोत्सव रद्द झाला आणि २०२२ मध्ये तो पुन्हा पूर्वीसारखा भरला. गेल्या काही वर्षांत स्पर्धांचे दिवस कमी झाले असून उन्हाळ्यात त्याच मंडपात पॉप व रॉक कलाकारांच्या मोठ्या मैफली होऊ लागल्या आहेत. खर्चाची तोंडमिळवणी करायला त्या लागतात, हे खरेच. पण प्रवासाचा भार स्वतः उचलून दूरदेशीहून येणारे हौशी पथक हाच या मेळ्याचा प्राण आहे. व्हिसा आणि विमानभाडे यांमुळे अशी पथके रोडावली, तर मंडप भरलेला राहूनही महोत्सव उरणार नाही. सरकारी अनुदानाचा पहिला पैसा या पथकांना आणण्यावर खर्च व्हायला हवा.

लँगॉलेन आता देशाच्या मुख्य रेल्वेजाळ्याला जोडलेले नाही. जवळचे स्थानक रुआबन, तेथून बसने जाता येते. जाणाऱ्याला संध्याकाळच्या मैफलीचे तिकीट मिळाले नाही तरी चालेल, पण त्याने स्पर्धेचा एक अख्खा दिवस आणि मिरवणूक चुकवू नये.