मार्क नसलेलं वाचन

शुक्रवारी रात्री ताईचा फोन. "अरे, हा पोरगा पुस्तकाला हात लावत नाही. तू दिलेलं तसंच पडलंय बघ."

भाचा सहावीत आहे. आणि चूक माझीच. वाढदिवसाला पुस्तक देताना मी हौसेनं सांगून बसलो होतो, "वाचून झालं की मला एक पान सारांश लिहून दे हं!" म्हणजे भेटीबरोबर गृहपाठ फुकट.

मग या वीकांताला जरा मागे जाऊन पाहिलं. मुलांनी घरी आपणहून वाचावं म्हणून आपल्याकडे आधी कुणी काय केलं?

१८८१ साली विनायक कोंडदेव ओकांनी 'बालबोध' हे मासिक काढलं. गृहस्थ शिक्षण खात्यात नोकरीला. शाळा आणि परीक्षा जवळून पाहिलेले. तरी मुलांच्या हातात क्रमिक पुस्तकापलीकडचं काहीतरी पडावं म्हणून धडपडले. एखादं चरित्र, एखादी कविता, निबंध, थोडं शास्त्र असा ऐवज असायचा. १९१४ साली ते वारले, तोवर मासिक चालवत होते. तीस वर्षांच्या वर! आणि बराचसा मजकूर स्वतःच लिहिलेला. (इथे आपल्याला एक लेख पुरा करताना दोन वीकांत लागतात. असो.)

१९०६ साली वासुदेव गोविंद आपट्यांनी मुलांसाठी मासिक सुरू केलं. नाव ठेवलं 'आनंद'. हेतू काय ते नावातच आलं.

मला सगळ्यात गंमत वाटली ती १९७१ ची. त्या वर्षी 'किशोर' सुरू झालं, आणि काढलं कुणी? बालभारतीनं! जी संस्था पाठ्यपुस्तकं छापते, धड्याखाली स्वाध्याय देते, तिनंच स्वाध्याय नसलेलं वाचनही छापायला घेतलं. 'किशोर'मधली गोष्ट परीक्षेत येत नाही. आली असती तर आम्ही ती वाचली असती का, शंकाच आहे.

भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे घ्या. फुरसुंगीचा शाळकरी पोरगा, सायकलवर उंडारणारा. तो आम्हाला आवडला कारण तो आमच्या वयाचा होता, आणि 'या पाठातून काय बोध मिळतो' असं कुणी विचारत नव्हतं.

म्हणजे बघा, ओक काय नि बालभारती काय, शाळा आतून ओळखणारी मंडळी. त्यांनीच परीक्षेच्या बाहेरची जागा राखली. आणि मी? त्याच जागेत सारांशाची वही घेऊन घुसलो.

काल भाच्याला फोन करून सांगितलं, "सारांश कॅन्सल." पलीकडून संशयानं विचारणा, "मग काय लिहायचं?"

"काही नाही."

'किशोर'चे जुने अंक बालभारतीनं जालावर फुकट ठेवलेत, तेवढं ताईला कळवलंय. शिवाय एक फास्टर फेणे पाठवतोय. कसं वाटलं म्हणून विचारायचा मोह होणारच. पण नाही विचारणार.