उलगडलेले शंख

गंडकी नदींतला शाळिग्राम आपल्यापैकीं पुष्कळांच्या देव्हाऱ्यांत आहे. त्यावरचें चक्र म्हणजे एका नामशेष समुद्रप्राण्याच्या शंखाची खूण होय. शास्त्रज्ञ त्यास अ‍ॅमोनाइट म्हणतात; म्हाकूल व अष्टपाद यांच्या गोतांतला तो. शंखाचे वेढे एकाच पातळींत, एकमेकांस बिलगून पडावयाचे, ही त्याच्या बहुतेक जातभाईंची रीत. ती मोडणाऱ्यांची हकीकत आज सांगावयाची आहे.

फ्रान्सांत लामार्कनें १७९९ सालीं काठीसारख्या सरळ शंखाला बॅक्युलाइट असें नांव दिलें. पुढें कळसासारखे उंच चढलेले, आंकड्यासारखे वळलेले असेहि शंख उजेडांत आले. आपल्या दक्षिणेंतहि ते निघाले. पुदुच्चेरीकडील सरळ शंखांचें वर्णन एडवर्ड फोर्ब्सनें १८४६ सालीं केलें, आणि १८६५ मध्यें स्टोलिच्कानें दक्षिण भारतांतील अ‍ॅमोनाइटांवर मोठा ग्रंथ सिद्ध केला.

हीं वेडींवांकडीं रूपें कां झालीं? अमेरिकन पंडित आल्फियस हायट (१८३८-१९०२) याचें उत्तर मोठें ठाम होतें. व्यक्तीस जसें बाल्य, तारुण्य व जरा, तशींच तीं वंशासहि असतात. शंख उलगडला म्हणजे वंशाची कंबर वांकली असें समजावें! जर्मनीच्या शिंडेवोल्फनें १९५० सालींहि ऱ्हासाचा हाच सूर धरला होता. रोमच्या अधःपाताच्या कथा वाचून वाढलेल्या पिढ्यांस हें पटलें, यांत मला नवल वाटत नाहीं.

जपानच्या होक्काइदो बेटांतील एका शंखाचें वर्णन हिसाकात्सु याबे यानें १९०४ सालीं प्रसिद्ध केलें. निप्पोनाइटिस मिराबिलिस, म्हणजे जपानचा अद्भुत शंख, हें त्याचें नांव. सुताचा गुंता हातांत घ्यावा तसा तो दिसतो. एकच नमुना असता तर व्यंग म्हणून सोडून देतां आला असता; पण तशाच घडणीचे आणखी नमुने सांपडत गेले. व्यंग काय इतक्या शिस्तीनें वारंवार जन्मास येतें? १९८८ सालीं ताकाशी ओकामोतो यानें संगणकावर या शंखाची वाढ मांडून दाखविली. तरंगणाऱ्या प्राण्याचें तोंड फार वर किंवा फार खालीं कलूं लागलें कीं वेढ्याची दिशा बदलते, एवढा एकच नियम लाविला, आणि तो सारा गुंता आपोआप उमटला.

काळाचा हिशेबहि हायटच्या विरुद्धच जातो. असे उलगडलेले शंख ट्रायासिक युगाच्या अखेरीस, म्हणजे वीस कोटींहून अधिक वर्षांपूर्वीं, प्रथम दिसतात. अ‍ॅमोनाइटांचा वंश त्यानंतर तेरा कोटींहून अधिक वर्षें नांदला. म्हातारपण इतकें लांबत नसतें! शिवाय १९६९ सालीं व्हीडमाननें दाखवून दिलें कीं, उलगडलेल्यांच्या कांहीं वंशजांनीं पुनः वेढे घातले. बॅक्युलाइटांचें तर जगभर राज्य होतें. इझाबेल क्रुटा व तिच्या सहकाऱ्यांनीं २०११ मध्यें प्रखर क्ष-किरणांनीं एका बॅक्युलाइटाच्या जबड्यांत पाहिलें, तों तेथें बारीक तरंगत्या जीवांचे अवशेष अडकलेले होते. शेवटचा घांस तोंडांतच राहिलेला हा प्राणी जराजर्जर खचित नव्हता.

६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वींच्या महासंहारांत वेढ्याचे व विनावेढ्याचे असे सारेच अ‍ॅमोनाइट अखेर संपले. तथापि डेन्मार्कांतील खडकांत त्या संहाराच्या रेषेच्या किंचित् वर कांहीं शंख मिळाले असून, ते प्राणी थोडा काळ तगले असावेत असें कांहीं संशोधक मानतात. ते आहेत सरळ बॅक्युलाइट आणि आंकडेवाल्यांच्या कुळांतले.