मिश्रणांचे विलगीकरण

मिश्रणांचे विलगीकरण : रासायनिक संयोग न होता एकत्र आलेले पदार्थ भौतिक पद्धतींनी वेगळे करण्याची क्रिया. मिश्रणात प्रत्येक घटकाचे गुणधर्म शाबूत राहतात. लोहकीस वाळूत मिसळला तरी चुंबकाला चिकटतो आणि विरघळलेले मीठ पाण्याला खारट चव देतेच. म्हणून घटकांच्या ज्या गुणधर्मात ठळक फरक असेल, त्यावरून विलगीकरणाची पद्धत ठरते : कणांचे आकारमान, घनता, चुंबकत्व, विद्राव्यता किंवा उत्कलनबिंदू. संयुगातील मूलद्रव्ये अशा रीतीने सुटी होत नाहीत. मिठातून सोडियम मिळवायचे तर वितळलेल्या मिठाचे विद्युत अपघटनच करावे लागते.

घन पदार्थांची मिश्रणे : वेचणे, चाळणे, पाखडणे आणि उफणणे या पद्धती शेतात व स्वयंपाकघरात रोजच्या वापरातल्या आहेत. उफणताना वारा हलके भूस दूर नेतो आणि जड दाणे जवळच पडतात. लोखंडाचे कण चुंबकाने काढता येतात. कापूर, आयोडीन आणि नवसागर (अमोनियम क्लोराइड) वेगळे करण्यासाठी संप्लवन वापरतात. नवसागर आणि मीठ यांचे मिश्रण चिनी मातीच्या बशीत घेऊन तिच्यावर नरसाळे उपडे ठेवतात व नळीच्या तोंडात कापसाचा बोळा बसवतात. मंद आचेवर नवसागराची वाफ होते आणि नरसाळ्याच्या थंड भिंतीवर पांढरा थर जमतो. मीठ बशीतच राहते. या वाफेत नवसागराचे अमोनिया व हायड्रोजन क्लोराइड असे दोन वायू झालेले असतात आणि थंड होताच ते पुन्हा एकत्र येतात.

घन व द्रव यांची मिश्रणे : न विरघळणारा जड घन पदार्थ तळाशी बसला की वरचा द्रव अलगद ओतून घेतात, याला निवळणे म्हणतात. गढूळ पाण्यातील मातीचे अतिसूक्ष्म कण ऋणभारित असल्यामुळे एकमेकांना दूर लोटतात आणि तरंगत राहतात. तुरटी फिरवल्यावर तिच्यातील ॲल्युमिनियममुळे हा भार नाहीसा होतो, कण एकत्र येऊन मोठे होतात व खाली बसतात. गाळण्यासाठी गोल गाळणकागदाची चौपदरी घडी घालून त्याचा शंकू नरसाळ्यात बसवतात आणि मिश्रण काचकांडीच्या आधाराने हळूहळू ओततात. विरघळलेला पदार्थ मात्र गाळणकागदातून द्रवाबरोबरच निघून जातो. दुधातील साय किंवा रक्तातील पेशी वेगळ्या करण्यासाठी अपकेंद्री यंत्र वापरतात. वेगाने फिरताना जड घटक बाहेरच्या बाजूला आणि हलके आसाच्या बाजूला जमतात.

विरघळलेला घन पदार्थ बाष्पीभवनाने परत मिळतो. कोकण आणि गोव्याच्या किनाऱ्यावरील मिठागरे याच तत्त्वावर चालतात. समुद्राच्या १ किलो पाण्यात सरासरी ३५ ग्रॅम क्षार असतात. उन्हाने पाणी आटत जाते तसे आधी कॅल्शियम कार्बोनेट, नंतर जिप्सम आणि त्यानंतर मीठ बाहेर पडते. उरलेल्या कडू पाण्यात मॅग्नेशियमचे क्षार असतात. ते पाणी वेळीच काढून टाकले नाही, तर मीठ कडवट होते आणि त्याला ओल सुटते.

द्रावण कोरडे होईपर्यंत तापवणे प्रत्येक पदार्थाला मानवत नाही : साखर करपते, तर मोरचुदाचे निळे स्फटिक पाणी गमावून पांढरे पडतात. अशा वेळी स्फटिकीकरण उपयोगी पडते. गरम संपृक्त द्रावण सावकाश थंड केले की शुद्ध स्फटिक बनतात आणि थोड्या प्रमाणात असलेली विद्राव्य अशुद्धी द्रवातच राहते. १०० ग्रॅम पाण्यात ६०° से.ला सुमारे १०६ ग्रॅम पोटॅशियम नायट्रेट (सोरा) विरघळते, तर २०° से.ला सुमारे ३२ ग्रॅमच. याउलट मिठाची विद्राव्यता या दोन्ही तापमानांना ३६ ते ३७ ग्रॅमच्या आसपास राहते. म्हणून सोऱ्यासाठी द्रावण थंड करतात, तर मिठासाठी पाणी आटवावे लागते.

द्रवांची मिश्रणे : केरोसीन आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत. विलगकारी नरसाळ्यात स्थिर ठेवल्यावर कमी घनतेचे केरोसीन वर येते. वरचे बूच काढून खालची तोटी उघडली की पाणी बाहेर येते. दोन थरांची सीमा तोटीपाशी पोहोचताच ती बंद करतात.

एकमेकांत मिसळणाऱ्या द्रवांसाठी ऊर्ध्वपातन वापरतात. कमी उत्कलनबिंदूच्या द्रवाची वाफ आधी होते आणि शीतकात थंड होऊन ती दुसऱ्या पात्रात जमते. शीतकाच्या बाहेरच्या नळीत थंड पाणी खालून आत सोडतात, म्हणजे ती नळी पूर्ण भरलेली राहते. ॲसिटोन ५६° से.ला आणि पाणी १००° से.ला उकळत असल्याने त्यांच्यासाठी साधे ऊर्ध्वपातन चालते. उत्कलनबिंदूंतील फरक सुमारे २५° से.पेक्षा कमी असेल, तर प्रभाजी ऊर्ध्वपातन करतात. त्यातील स्तंभात वाफ पुनःपुन्हा द्रव होते व पुन्हा उकळते. खनिज तेलाचे घटक याच पद्धतीने वेगळे होतात. द्रवरूप हवेतून नायट्रोजन (−१९६° से.) आणि ऑक्सिजन (−१८३° से.) मिळवण्याची रीतही हीच आहे. इथेनॉल व पाणी यांच्या बाबतीत मात्र या पद्धतीला मर्यादा आहे. इथेनॉलचे वजनी प्रमाण सुमारे ९५.६ टक्के झाले की द्रव आणि वाफ यांतील घटकांचे प्रमाण सारखेच होते आणि विलगीकरण तिथेच थांबते.

रंजकद्रव्य पृथक्करण : रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ मिखाईल त्स्वेत यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी पानांतील रंजकद्रव्ये खडूच्या भुकटीने भरलेल्या नळीतून वेगळी केली. शाळेत गाळणकागदाच्या पट्टीवर पेन्सिलीने रेघ ओढून तिच्यावर शाईचा ठिपका देतात आणि पट्टीचे टोक पाण्यात बुडवतात. पाण्याची पातळी रेघेच्या खालीच हवी, नाहीतर शाई थेट पाण्यात उतरते. पाणी कागदातून वर चढते तेव्हा त्यात सहज विरघळणारा रंग पुढे जातो आणि कागदाला धरून राहणारा मागे पडतो. काळ्या शाईतून बहुधा निळा, तांबडा, पिवळा असे रंग उलगडतात. या पद्धतीच्या विभाजनावर आधारित प्रकारासाठी आर्चर मार्टिन व रिचर्ड सिंज यांना १९५२ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

क्रम व शुद्धतेची खूण : मिश्रणात अनेक घटक असतील तर पद्धतींचा क्रम महत्त्वाचा ठरतो. लोहकीस, नवसागर, वाळू आणि मीठ एकत्र असतील, तर चुंबकाने लोहकीस काढतात, संप्लवनाने नवसागर वेगळा करतात, उरलेले पाण्यात ढवळून वाळू गाळतात आणि शेवटी पाणी आटवून मीठ मिळवतात. संप्लवनाआधीच पाणी घातले, तर नवसागरही मिठाबरोबर विरघळतो. वेगळा झालेला पदार्थ कितपत शुद्ध आहे, हे त्याच्या द्रवणांकावरून किंवा उत्कलनबिंदूवरून तपासतात. शुद्ध स्फटिकी घन पदार्थ ठरावीक तापमानालाच वितळतो; अशुद्ध पदार्थ सहसा त्याहून कमी तापमानाला मऊ पडू लागतो आणि काही अंशांच्या टप्प्यात वितळतो.