स्वयंपाकघर, लहान : रचना व पुनर्रचना

नागरी वस्तीतील मर्यादित क्षेत्रफळाच्या निवासस्थानात अन्न शिजविणे, धान्य व इतर जिन्नस साठविणे, भांडी घासणे आणि पुष्कळदा तेथेच पाने मांडणे ही सर्व कामे ज्या एका खोलीत, किंबहुना खोलीच्या एका भागात, उरकावी लागतात, त्या जागेच्या मांडणीचा व तिच्यात कालांतराने कराव्या लागणाऱ्या फेरफारांचा विचार या नोंदीत केला आहे. भारताच्या राष्ट्रीय बांधकाम संहितेने स्वतंत्र स्वयंपाकघरासाठी किमान ५ चौ. मी. क्षेत्रफळ व १.८ मी. रुंदी सांगितली असून, कोठीची खोली वेगळी असेल तर क्षेत्रफळात ४.५ चौ. मी.पर्यंत सवलत दिली आहे. जेवणाची सोय त्याच खोलीत करावयाची असल्यास क्षेत्रफळ ७.५ चौ. मी. व रुंदी २.१ मी. असावी, अशी तरतूद आहे. मुंबई, ठाणे व पुणे येथील मध्यम स्थितीच्या कुटुंबांची पुष्कळ स्वयंपाकघरे या किमान मर्यादेला चिकटून असतात, आणि मुख्यतः त्यांच्याच अनुरोधाने पुढील विवेचन केले आहे.

पूर्वपीठिका : वाड्यातील स्वयंपाकघर हे जमिनीवरचे स्वयंपाकघर होते. चूल आणि तिच्या जोडीचा वैल, पाट, विळी, पाटा-वरवंटा या साऱ्यांची उंची बसलेल्या माणसाच्या हाताशी जुळलेली असे. साठवणीचा भार कोठीघराने उचललेला असे, आणि धूर कौलांतून वा धुराड्यातून वाट काढी. १८९६ च्या प्लेगनंतर मुंबईत दाट वस्तीच्या सुधारणेसाठी १८९८ मध्ये इंप्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली, आणि पुढे १९२० नंतरच्या दशकात सरकारच्या विकास खात्याने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग व शिवडी येथे ज्या चाळी उभारल्या, त्यांतील एका खोलीचे क्षेत्रफळ सुमारे १६० चौ. फूट होते. एवढ्याशा खोलीत एका भिंतीशी शेगडी किंवा स्टोव्ह, कोपऱ्यात मोरी, भिंतीवर भांड्यांची मांडणी व डब्यांची फळी अशी व्यवस्था रहिवाशांनी आपल्या बुद्धीने लावून घेतली. तिच्यात एक गुण होता व तो आज सहसा ध्यानात घेतला जात नाही : स्वयंपाक आटोपून जमीन पुसली की तीच जागा जेवणाला, मुलांच्या अभ्यासाला आणि रात्री अंथरुणाला मोकळी होई. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सिलिंडरचा गॅस घरोघरी पोहोचला, त्याबरोबर स्वयंपाक जमिनीवरून ओट्यावर चढला, आणि गृहिणीच्या गुडघ्यांना व पाठीला त्याने निःसंशय विसावा दिला. परंतु ओटा एकदा बांधला की तो चोवीस तास ओटाच राहतो, दुसऱ्या कोणत्याही उपयोगासाठी घडी घालून ठेवता येत नाही. लहान स्वयंपाकघराचा आजचा प्रश्न बव्हंशी या एका स्थित्यंतरातून उद्भवलेला आहे.

पाश्चात्त्य विचार : स्वयंपाकघराच्या मांडणीचा पद्धतशीर विचार अमेरिकेत कॅथरिन बीचर यांनी आपल्या हॅरिएट बीचर स्टो या भगिनीसमवेत १८६९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या गृहव्यवस्थेवरील ग्रंथात केला होता. विसाव्या शतकाच्या आरंभी ख्रिस्तीन फ्रेडरिक यांनी कारखान्यातील श्रममापनाची तत्त्वे घरकामास लावून दाखविली. या विचारांना मूर्त रूप मिळाले ते जर्मनीत. महायुद्धोत्तर घरटंचाई निवारण्यासाठी फ्रँकफुर्ट नगरपालिकेने अर्न्स्ट माय यांच्या देखरेखीखाली ज्या वसाहती बांधल्या, त्यांच्याकरिता व्हिएन्नाच्या वास्तुशिल्पज्ञ मार्गारेटे श्युटे-लिहोट्स्की (१८९७–२०००) यांनी १९२६ मध्ये एक स्वयंपाकघर आखले. रेल्वेच्या भोजनडब्यातील चिंचोळ्या मुदपाकखान्याचा आदर्श त्यांच्यापुढे होता. सुमारे १.९ मी. रुंद व ३.४ मी. लांब अशा त्या खोलीत खिडकीखाली कामाची फळी, बसून काम करण्यासाठी फिरते स्टूल, छताच्या पट्टीवरून सरकणारा दिवा, भिंतीला मिटविता येणारी इस्त्रीची फळी आणि मीठ-साखर-डाळींसाठी चोच असलेले अ‍ॅल्युमिनियमचे कप्पे अशी योजना होती. पिठाचे कप्पे ओकच्या लाकडाचे केले, कारण त्या लाकडाने अळी दूर राहते अशी समजूत होती. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरे बसविली गेली. किमान जागेचा नमुना म्हणून जगभर वाखाणलेल्या या खोलीचे क्षेत्रफळ साधारण ६.५ चौ. मी. भरते; म्हणजे आपल्याकडील कायदेशीर किमान मर्यादेहून ती प्रशस्तच ठरते. त्याचप्रमाणे १९४० नंतरच्या दशकात अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात चूल, सिंक व शीतकपाट यांना जोडणाऱ्या ‘कार्यत्रिकोणा’चा सिद्धान्त मांडला गेला, आणि त्या त्रिकोणाची प्रत्येक बाजू ४ ते ९ फूट असावी असा दंडक रूढ झाला. पाच चौरस मीटरच्या खोलीत या दंडकाचा आग्रह धरणे व्यर्थ होय. पाश्चात्त्य गृहिणीची चालण्याची पावले वाचविणे हा त्या सर्व संशोधनाचा हेतू होता; आपल्या लहान स्वयंपाकघरात चालावयास जागाच नसल्यामुळे पावले आपोआप वाचलेली असतात, आणि वाण असते ती मोकळ्या ओट्याची व हवेची. येथील रचनेची कसोटी म्हणून याच दोन गोष्टींवर लावली पाहिजे.

ओटा : १.८ मी. रुंद व सुमारे २.८ मी. लांब अशा खोलीत लांब भिंतीशी ६० सें.मी. खोलीचा ओटा घातला असता समोर १.२ मी. जागा उरते, व तीत दोन माणसे एकमेकांस न अडखळता वावरू शकतात. समोरच्या भिंतीशीही तितक्याच खोलीचा ओटा घालण्याचा मोह पुष्कळांना होतो, परंतु त्यामुळे मधली वाट ६० सें.मी.वर येते आणि खालचे कपाट उघडण्यासाठी काम करणाऱ्या व्यक्तीस खोलीबाहेर जाण्याची पाळी येते. समोर फार तर ३० सें.मी. खोलीची फडताळे घ्यावीत. डबे, पेले, ताटे व रोजचे जिन्नस तेवढ्या खोलीत एका ओळीत मावतात आणि पाठीमागचा डबा काढण्यासाठी पुढचे चार हलवावे लागत नाहीत.

उपर्युक्त २.८ मी.च्या ओट्यापैकी सिंकने सुमारे ६० सें.मी. व गॅसच्या शेगडीने ७५ सें.मी. व्यापली असता १.४५ मी. उरते, पण तेथे मिक्सर, पाण्याचे शुद्धीकरण यंत्र, भांडी निथळण्याची टोपली व तेला-तिखटाची बाटल्याडबी येऊन बसतात, आणि ज्या गृहिणीला रोज पोळ्या लाटावयाच्या आहेत तिच्या पोळपाटासाठी हातभर जागा मिळत नाही. पोळपाट, कणकेची परात व पोळ्यांचा डबा यांना मिळून किमान ७५ सें.मी. सलग जागा लागते, आणि ती शेगडीला लागूनच असावी लागते, कारण लाटलेली पोळी तव्यावर टाकताना तिने लांबचा प्रवास करणे परवडत नाही. म्हणून सिंक, मग मोकळा ओटा, मग शेगडी, हा क्रम सर्वांत सोयीचा. मिक्सर व जलशुद्धीकरण यंत्र ओट्यावरून उठवून भिंतीवरील फळीवर न्यावे; भांडी सिंकच्या वरच मांडणीत निथळू द्यावी, म्हणजे पाणी पुन्हा सिंकमध्येच पडते. चाळीतल्या मोरीवरची मांडणी हेच करीत असे, आणि तिला हद्दपार करून तिच्या जागी काचेची बंद कपाटे लावण्यात कोणती सुधारणा साधली हे समजणे कठीण आहे.

ओट्याची उंची गवंड्याच्या सवयीने ठरविली जाते, ती वस्तुतः काम करणाऱ्या व्यक्तीच्या कोपराने ठरावी. कोपरापेक्षा १० ते १५ सें.मी. खाली असलेला पृष्ठभाग हातास सोसतो. त्या हिशेबाने मध्यम उंचीच्या स्त्रीस ८० ते ८५ सें.मी. उंची योग्य. शेगडी व तिच्यावरील पातेले यांची उंची ओट्याच्या उंचीत भर घालते, यास्तव तेवढा भाग हातभर लांबीत ८ ते १० सें.मी. खाली घेतल्यास खांदे भरून येत नाहीत. वयस्क व्यक्तीसाठी ओट्याखालून ओढता येणारी सुमारे ६५ सें.मी. उंचीची एक फळी बसवावी. स्टुलावर बसून भाजी निवडणे, चिरणे, लाटणे तिच्यावर सुखाने होते. ओट्यासाठी पूर्वी कडप्प्याचा काळा चुनखडक सर्रास वापरीत. तो स्वस्त व मजबूत, पण लिंबू-चिंचेच्या आम्लाने त्याची झिलई उतरते. ग्रॅनाइट त्या दृष्टीने सरस आहे.

साठवण : वर्षाचे धान्य, वाळवणे, लोणच्याच्या बरण्या आणि सणासुदीची मोठी भांडी यांना कोठीघर नाहीसे झाल्यापासून माळ्याखेरीज आसरा उरलेला नाही. माळा अवश्य असावा, पण तो संपूर्ण खोलीवर पसरू नये, कारण त्याच्या छायेत उजेड व हवा दोन्ही कोंडतात. एका भिंतीशी ६० सें.मी. खोलीचा पुरे. ओट्याखाली सरकते कप्पे, ज्यांना महाराष्ट्रात ट्रॉली म्हणतात, ते स्थिर फळ्यांहून निश्चितपणे सोयीचे आहेत. तेथे हलक्या प्रतीच्या पोलादाच्या जाळ्या दमट हवेत गंजतात, याकरिता ३०४ प्रतीचे पोलाद मागावे. लाकडी कामास भारतीय मानक ७१० प्रमाणेच्या जलरोधक प्लायवुडचा आग्रह निदान सिंकखाली तरी धरावा. कपाट जमिनीवर टेकविण्यापेक्षा १० सें.मी. उचलून पायांवर उभे केल्यास खालून फरशी पुसता येते व झुरळांना वस्ती करण्यास आडोसा मिळत नाही.

हवा व इंधन : मराठी स्वयंपाकात फोडणीचा ठसका व तळणाची वाफ नित्याची आहे. संहितेने स्वयंपाकघरास किमान १ चौ. मी.ची खिडकी सांगितली आहे ती याकरिताच. तिच्यासमोर शीतकपाट उभे करणे किंवा पाठीमागची बाल्कनी बंद करून तिचा बाहेरील हवेशी संबंध तोडणे म्हणजे त्या तरतुदीचा हेतूच बुडविणे होय. धूर बाहेर नेणारी नळी असलेली चिमणी शेगडीपासून ६५ ते ७५ सें.मी. वर असावी, गाळणीतून तीच हवा खोलीत परत सोडणारी चिमणी बऱ्याच अंशी शोभेचीच.

इंधनाच्या बाबतीत एक भेद विशेष महत्त्वाचा आहे. सिलिंडरमधील द्रवरूप पेट्रोलियम वायू हवेहून दीडपट ते दुप्पट जड असल्यामुळे गळती झाल्यास तो जमिनीलगत साचतो. म्हणून सिलिंडरच्या कपाटाच्या दारास खाली जाळीची भोके हवीत, सिलिंडर उभाच ठेवला पाहिजे आणि शेगडी त्याच्या झडपेपेक्षा उंचावर असली पाहिजे. मुंबईत १९९५ मध्ये स्थापन झालेल्या महानगर गॅस कंपनीमार्फत आणि पुण्यात महाराष्ट्र नॅचरल गॅस कंपनीमार्फत मिळणारा नळाचा नैसर्गिक वायू याउलट हवेहून हलका असून छताकडे चढतो. त्यासाठी हवेचा झरोका वर हवा. सिलिंडर जाऊन नळ आला की मोकळी झालेली जागा ट्रॉलीसाठी वापरण्याचा विचार सर्वांना सुचतो, झरोक्याची जागा बदलण्याचा मात्र फारच थोड्यांना. शेगडीचे नोझलही नव्या वायूस अनुरूप बदलून घ्यावे लागते.

पुनर्रचना : जुन्या स्वयंपाकघरात फेरफार करताना सर्वांत खर्चाचा व जोखमीचा भाग सिंक हलविण्याचा. सांडपाण्याच्या नळीस दर मीटरमागे सुमारे २.५ सें.मी. उतार द्यावा लागतो. सिंक ३ मी. दूर नेले तर ७.५ सें.मी. उतार कोठून आणावयाचा, हा प्रश्न फरशी उचलल्याखेरीज सुटत नाही, आणि फरशी उचलली की खालच्या बिऱ्हाडाच्या छतावर ओल उतरण्याची शक्यता निर्माण होते. यास्तव सिंक मूळ भिंतीशी ठेवून बाकीची मांडणी त्याच्याभोवती जुळविणे शहाणपणाचे. स्वयंपाकघर व बैठकीची खोली यांमधील भिंत काढून टाकण्याची प्रथा अलीकडे बोकाळली आहे. तीमुळे जागा मोठी भासते व घरातील माणसे काम करणाऱ्या व्यक्तीशी बोलती राहतात हे खरे, परंतु मिरचीच्या फोडणीचा खकाणा उशा-पडद्यांपर्यंत पोहोचतो. पूर्ण भिंत पाडण्याऐवजी ओट्याच्या उंचीवर सरकत्या काचेची खिडकी काढल्यास दोन्ही लाभ साधतात. भिंत कोणती हे आधी तपासून घ्यावे : जुन्या दगडी-विटांच्या इमारतीत ती भार वाहणारी असू शकते, आणि अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या ‘मायवन’ पद्धतीच्या नव्या इमारतींत बहुतेक सर्वच भिंती काँक्रीटच्या व भारवाहक असल्यामुळे त्यांत नळासाठी खाच मारण्याचीही मुभा नसते.

विजेचा विचार फरशा बसविण्यापूर्वीच करावा. मायक्रोवेव्ह, भट्टी व इंडक्शन शेगडी यांना प्रत्येकी १६ अँपिअरची स्वतंत्र जोडणी आणि सर्वांवर गळतीरोधक स्विच हवा. एकाच खटक्यावर तीन यंत्रे चालविण्याची तजवीज लहान घरांत सर्रास आढळते व ती सर्वथा त्याज्य होय. रचनेस धक्का लावणाऱ्या कामास नगरपालिकेची मंजुरी, इतर कामासही गृहनिर्माण संस्थेचा लेखी ना-हरकत दाखला आणि पागडीच्या जागेत मालकाची लेखी संमती घ्यावी. खर्चाची तोंडमिळवणी होत नसेल तर ओटा, खिडकी, नळ व वीज एवढ्यांवर प्रथम पैसा घालावा आणि कपाटांची दारे पुढील वर्षावर टाकावीत. उघड्या फळ्यांवर संसार चालतो. गॅसवाहिनी हलविण्याचे काम मात्र पुरवठादार कंपनीच्या अधिकृत कारागिराखेरीज अन्य कोणाकडूनही करवून घेऊ नये.