सोन्याचा मुलामा आणि पाऱ्याची वाफ

‘वस्तूचा कर्ता कोण?’ हा प्रश्न आम्ही तत्त्वज्ञानाच्या वर्गात वर्षानुवर्षं विचारला. आज तो आपण एका फुलदाणीला विचारू.

अठराव्या शतकातलं पॅरिस. चीनहून जहाजानं आलेली पोर्सेलीनची फुलदाणी एका दुकानात येते. दुकानदार ‘मार्शां-मेर्सिए’ या व्यापारी संघातला. संघाचा नियम असा, की त्यानं स्वतः काही घडवायचं नाही. पण वेगवेगळ्या कारागिरांकडून काम करून घेऊन वस्तू सजवायची आणि विकायची, याला मुभा. लाझार द्युव्हो हा त्यांतला नामांकित. त्याची १७४८ ते १७५८ या काळातली रोजकीर्द टिकून आहे. तिच्यात गिऱ्हाईक म्हणून मादाम द पाँपादूर पुन्हा पुन्हा भेटते.

तर ही फुलदाणी ब्राँझच्या कामाला जाते. ओतारी तिची बैठक, कान, काठ ओततो. दुसरा छिन्नीनं पानंफुलं रेखतो. तिसरा मुलामा देतो. सोनं पाऱ्यात विरघळवायचं, तो लोण्यासारखा लगदा ब्राँझवर चोपडायचा आणि विस्तवावर धरायचा. पारा वाफ होऊन उडतो, सोनं धातूला धरून राहतं.

आता उडालेला पारा जातो कुठे? त्या माणसाच्या छातीत, बरं का! हात कापू लागतात, दात हलतात, जीभ अडखळते.

हे ठाऊक नव्हतं असं नाही. आंत्वान राव्हरियो हा स्वतः ब्राँझचा कारखानदार. १८१४ साली तो वारला, तेव्हा मृत्युपत्रात त्यानं ३,००० फ्रँक ठेवले होते: मुलामा देणाऱ्यांना या विषापासून वाचवण्याचा उपाय शोधेल त्याला बक्षीस. ते १८१८ मध्ये रसायनशास्त्रज्ञ दार्से यांना मिळालं. त्यांनी वाफ धुराड्यातून वर ओढून नेणारी भट्टी आखली. पुढे १८४० च्या दशकात विजेचा मुलामा आला आणि पारा हळूहळू मागे पडला.

आज लूव्रमध्ये किंवा लंडनच्या वॉलेस संग्रहात या फुलदाण्या दिसतात. काहींच्या ब्राँझवर मुकुट घातलेला ‘सी’ हे अक्षर ठोकलेलं असतं. तो १७४५ ते १७४९ या काळातल्या कराचा शिक्का. म्हणजे करवसुलीची खूण उरली. मुलामा देणाऱ्याचं नाव मात्र बहुधा नाहीच. चिनी कुंभाराचंही नाही.

मग कर्ता कोण? आम्हांला वाटतं, उत्तर देण्याआधी आपण त्या राव्हरियोचं मृत्युपत्र आठवावं. विकणाऱ्यांपैकी निदान एकानं तरी त्या कापऱ्या हातांचं देणं मानलं होतं.