पोशीरचा चिखल आणि लहान ‘ॲडव्हेंचर’ मोटरसायकली

जून सरता सरता नेरळ-कळंब रस्त्यावर शनिवार-रविवारी पहाटेपासून दुचाक्यांची वर्दळ सुरू होते. ठाणे, कल्याण, डोंबिवलीचे स्वार बदलापूर-वांगणीमार्गे नेरळला येतात, पोशीर मागे टाकून कळंब, कशेळे आणि तेथून आंबिवली किंवा खांडसच्या वाटेला लागतात. यातील अनेकांच्या गाड्यांचा साज सारखाच असतो. चोचीसारखा वर उचललेला पुढचा मडगार्ड, उंच आसन, लांब शॉकॲब्सॉर्बर, तारांची चाके. त्यांच्याच शेजारून दुधाचे कॅन दोन्ही बाजूंना लटकावलेली एखादी जुनी स्प्लेंडर खड्डे चुकवीत शांतपणे पुढे निघून जाते. बाराही महिने याच वाटेवर राबणाऱ्या माणसाला आपण काही साहस करीत आहोत याची कल्पनाही नसते. लहान ॲडव्हेंचर मोटरसायकल घेण्याचा विचार करणाऱ्या शहरी वाचकाने हे दृश्य डोळ्यांसमोर ठेवलेले बरे; कारण ही गाडी घेतली जाते लडाखच्या स्वप्नाने, आणि वापरली जाते ती मुख्यतः कर्जत-खालापूरच्या रस्त्यांवर.

या प्रकारच्या गाड्यांचा उगम युरोपात शोधावा लागतो. १९७९ च्या पहिल्या पॅरिस-डकार शर्यतीने वाळवंट तुडविणाऱ्या मोटरसायकलींना प्रसिद्धी दिली आणि १९८० मध्ये बीएमडब्ल्यूने आर ८० जी/एस ही गाडी आणून रस्ता व कच्ची वाट दोन्हींवर चालणाऱ्या दुचाकीचा पायंडा पाडला. भारतात मात्र कच्च्या रस्त्यांची उणीव नसतानाही त्यांच्यासाठी खास गाडी बराच काळ आली नाही. राजदूत आणि येझदीने खेड्यांतील रस्ते तुडविले, ते अंगच्या दणकटपणावर. होंडापासून विलग झाल्यानंतर हीरो मोटोकॉर्पने २०११ मध्ये दीडशे सीसीची ‘इम्पल्स’ आणली. कल्पना उत्तम होती, परंतु गाडीची उंची आणि इंजिनाची ताकद यांचा मेळ बसला नाही आणि काही वर्षांतच ती बाजारातून गेली. आज जुन्या इम्पल्सला शोधून शोधून गिऱ्हाईक येते, हा बाजाराचा विनोदच म्हणायचा.

खरी सुरुवात झाली मार्च २०१६ मध्ये, रॉयल एनफिल्डच्या ‘हिमालयन’ने. ४११ सीसीचे इंजिन, जेमतेम साडेचोवीस अश्वशक्ती, पुढे २१ इंची चाक, जमिनीपासून २२० मि.मी. उंची आणि केवळ ८०० मि.मी.वर असलेले आसन, अशी तिची मांडणी होती. आकडे पाहून नाक मुरडणाऱ्यांनाही तिच्यावर बसल्यावर दोन्ही पाय जमिनीला टेकत, हे तिच्या यशाचे एक साधे कारण होते. २०१९ च्या मे महिन्यात हीरोने पुन्हा धाडस केले आणि ‘एक्सपल्स २००’ लाखाच्या आत-बाहेरच्या किमतीत आणली. २०२० मध्ये केटीएमची ३९० ॲडव्हेंचर आणि पाठोपाठ २५० ॲडव्हेंचर आली. या दोन्ही गाड्या सह्याद्रीपलीकडच्या चाकणला, बजाजच्या कारखान्यात तयार झाल्या. २०२२ मध्ये सुझुकीची व्ही-स्ट्रॉम एसएक्स आणि नव्याने अवतरलेली येझदी ॲडव्हेंचर यांची भर पडली. टीव्हीएसच्या होसूर कारखान्यात तयार होणाऱ्या बीएमडब्ल्यू जी ३१० जीएसची भारतातील विक्री २०२५ मध्ये थांबली, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये टीव्हीएसने स्वतःच्या नावाने अपाची आरटीएक्स ३०० बाजारात उतरविली.

एवढ्या गर्दीत निवड कशी करावी? जाहिरातीत अश्वशक्तीचा आकडा सर्वांत मोठ्या अक्षरांत असतो. पोशीर परिसरात मात्र त्याआधी वजनाचा आकडा पाहावा लागतो. मुख्य रस्ता सोडून एखाद्या वाडीकडे वळले की पावसाळ्यात लाल-करडी माती साबणासारखी निसरडी होते, ट्रॅक्टरच्या चाकोऱ्यांत पाणी साचते आणि पुढचे चाक कोणत्या क्षणी दगा देईल याचा नेम नसतो. तेथे गाडी पडणे हा अपवाद नव्हे. प्रश्न एवढाच की ती एकट्याने उचलता येते का. एक्सपल्स २०० ४व्ही सुमारे १५८ किलोची, व्ही-स्ट्रॉम १६७ किलोची, आरटीएक्स १८० किलोची, तर २०२३ मध्ये आलेली ४५२ सीसीची नवी हिमालयन १९६ किलोची. घोट्यापर्यंत चिखलात उभे राहून उचलताना अठ्ठावीस-तीस किलोंचा फरक कागदावर दिसतो त्याहून कितीतरी मोठा भासतो. सोबतीला कोणी नसेल तर तो निर्णायक ठरतो.

दुसरा मुद्दा चाकांचा. पुढचे चाक मोठे असले की ते दगडावर आदळण्याऐवजी सहज चढते. एक्सपल्स आणि हिमालयन यांना म्हणूनच २१ इंची चाक आहे. व्ही-स्ट्रॉम, आरटीएक्स आणि २०२० ची केटीएम ३९० या गाड्यांना १९ इंची चाक दिले आहे. डांबरी वळणांवर ते अधिक चपळ, पण खडकाळ वाटेवर कमी समंजस. तारांच्या चाकांचा लाभ असा की ती धक्का सोसतात, फुटत नाहीत. तोटा असा की त्यांत बहुधा ट्यूब असते. ट्यूबलेस टायरला खिळा लागला तर रस्त्याच्या कडेला दहा मिनिटांत वात घालता येते. ट्यूबच्या टायरसाठी मात्र चाक काढा, टायर उतरवा, हा सारा सोपस्कार. रविवारी संध्याकाळी भर पावसात पंक्चरवाला शोधीत कशेळ्यापर्यंत गाडी ढकलण्याची वेळ आली की या तपशिलाचे मोल कळते. नव्या हिमालयनला २०२४ पासून तारांची ट्यूबलेस चाके पर्याय म्हणून मिळू लागली, ती याच गाऱ्हाण्यापोटी.

ब्रेकविषयी बराच गैरसमज आहे. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरील सर्व नव्या दुचाक्यांना एबीएस सक्तीचे झाले आणि डांबरी रस्त्यावर ते जीव वाचविते यात शंका नाही. मोकळ्या खडीवर मात्र गणित उलटते. तेथे चाक किंचित अडकले की त्याच्यापुढे खडीचा ढीग जमतो व गाडी थांबते; एबीएस ते अडकणेच होऊ देत नाही आणि उतारावर गाडी पुढे पुढे जात राहते. मागच्या चाकाचे एबीएस बंद करण्याची सोय त्यासाठीच असते. हिमालयनमध्ये ती २०२० पासून आली. पहिल्या एक्सपल्सला एबीएस केवळ पुढच्या चाकालाच होते, त्यामुळे प्रश्नच उद्भवला नाही. व्ही-स्ट्रॉममध्ये ही सोय नाही. ती मुळात लांब पल्ल्याच्या रस्त्याची गाडी आहे आणि तशीच घ्यावी. डांबरी रस्त्यावर परतताना एबीएस पुन्हा सुरू झाले की नाही हे पाहण्यास विसरू नये.

आता ताकदीकडे वळता येईल. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकींना बंदी असल्याने खालापूर-खोपोलीकडे येणारा स्वार पनवेल-चौकच्या जुन्या महामार्गानेच येतो. तेथे एक्सपल्स २०० ताशी ८० च्या पुढे दमू लागते आणि मागे जोडीदार व सामान असेल तर अधिकच. पंचवीस ते चाळीस अश्वशक्तीच्या गाड्या तेथे निवांत चालतात. २०२५ च्या जानेवारीत आलेल्या एक्सपल्स २१० ने द्रवशीतन आणि साडेचोवीस अश्वशक्ती देऊन ही उणीव बरीच भरून काढली. पण कळंबच्या पुढे ताशी चाळीस-पन्नासचा वेग पुरे होतो आणि ३९० ॲडव्हेंचरची त्रेचाळीस अश्वशक्ती बव्हंशी झोपूनच असते. ठाण्याहून कशेळ्यापर्यंतची फेरी दीडशे किलोमीटरच्या आसपासची आहे. कोणत्याही गाडीची टाकी त्याला पुरून उरते, तेव्हा टाकीच्या आकारावर येथे वाद घालण्याचे कारण नाही.

उंचीचा विचार मात्र टाळू नये. एक्सपल्सची ‘प्रो’ आवृत्ती शर्यतीच्या धर्तीवर बांधलेली आहे; तिचे आसन ८९१ मि.मी. उंचीवर असून साडेपाच फुटी माणसाला ती घाटातील वाहतूककोंडीत टाचा उंचावून सांभाळावी लागते. दुकानातील गुळगुळीत फरशीवर बसून पाहणे पुरेसे नाही. बूट घालून, उतारावर उभे राहून पाहावे.

किमतीचे गणित सप्टेंबर २०२५ मध्ये बदलले. त्या महिन्याच्या २२ तारखेपासून ३५० सीसीपर्यंतच्या मोटरसायकलींवरील वस्तू व सेवा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तर त्यावरील गाड्यांचा उपकरासह असलेला ३१ टक्क्यांचा भार ४० टक्क्यांवर गेला. हिमालयन ४५० आणि २०२५ मध्ये ३९९ सीसीच्या इंजिनासह आलेली नवी केटीएम ३९० रेषेच्या पलीकडे गेल्या. एक्सपल्स, व्ही-स्ट्रॉम, येझदी आणि आरटीएक्स अलीकडे राहिल्या. केवळ सप्ताहअखेरीसाठी गाडी घेणाऱ्याला हा फरक दुर्लक्षिण्याजोगा नाही. वाचलेल्या पैशात चांगले हेल्मेट, गुडघ्या-कोपरांची संरक्षक कवचे आणि चिखलाचे टायर येतात. निसरड्या वाटेवर इंजिनाच्या जादा शंभर सीसींपेक्षा त्यांचा उपयोग निश्चितच अधिक.

गाडी कोठे नेऊ नये, हेही माहीत असावे. बोरघाट आणि माळशेज यांच्या दरम्यान सह्याद्री चढून जाणारा मोटाररस्ता नाही. खांडसहून भीमाशंकरला जाणाऱ्या गणपती घाट व शिडी घाट या पायवाटा आहेत आणि वर अभयारण्य आहे. माथेरानला दस्तुरी नाक्यापुढे मोटरवाहनांना प्रवेश नाही. पावसाळ्यात फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर ते ओसरेपर्यंत थांबण्यात कमीपणा नाही. जमिनीपासूनची २२० मि.मी. उंची पाण्याच्या ओढीपुढे काहीच नसते. भातखाचरांच्या बांधांवर गाडी घालण्याचा प्रकारही घडतो. लावणीच्या दिवसांत फुटलेला बांध म्हणजे खाचरातले अडविलेले पाणी वाहून जाणे, आणि शेतकऱ्याचा दिवस पुन्हा बांध घालण्यात जाणे. त्याचा संताप पर्यटकाला अनाठायी वाटतो, तो तसा नाही.

जुनी गाडी घेणाऱ्याने किलोमीटरच्या आकड्यावर फार विसंबू नये. पुढच्या फोर्कच्या नळ्यांवर तेलाचा ओघळ आहे का, रिमची कड कोठे चेपली आहे का, तारा ढिल्या आहेत का, इंजिनाखालच्या पत्र्यावर खोल चरे आहेत का, एअर फिल्टरच्या डब्यात वाळलेला गाळ आहे का, हे पाहावे. चाकांच्या बेअरिंगमध्ये पाणी गेले असेल तर पुढचे चाक वर उचलून हाताने फिरविताच खरखर जाणवते. आणि साखळी व दातेरी चक्र एकत्रच बदलावे लागतात, तो खर्च सौदा ठरविण्यापूर्वीच किमतीतून वजा करून घ्यावा.