आल्कमेऑनी घराणे आणि अथेन्सचे राजकारण

प्राचीन अथेन्समधील धनिक घराण्यांच्या प्रभावाचा विचार करताना आल्कमेऑनी घराण्याचा निर्देश अपरिहार्य ठरतो. पिसिस्ट्रॅटस व त्याचे पुत्र या अनियंत्रित सत्ताधीशांच्या अमदानीत हे घराणे सतत परागंदा होते, असे हिरॉडोटस सांगतो. या कथनावरून स्वातंत्र्याचे कैवारी अशी त्याची प्रतिमा रूढ झाली. उपलब्ध पुरावा मात्र या प्रतिमेस सर्वस्वी दुजोरा देत नाही.

इ. स. पू. ६३२ च्या सुमारास सायलनने सत्ता बळकावण्याचा प्रयत्न केला. शरण आलेल्या त्याच्या अनुयायांच्या वधामुळे मेगाक्लीस हा आर्कन आणि त्याचे वंशज शापित ठरले. या कलंकावर मात करण्याची साधने संपत्तीनेच पुरविली. ऑलिंपियाच्या रथशर्यतीतील विजयाने घराण्यास कीर्ती लाभली. सिकिऑनच्या सत्ताधीशाची कन्या अगरिस्ती सून म्हणून घरात आली. तिचा पती मेगाक्लीस याने तर आपली कन्या खुद्द पिसिस्ट्रॅटसला दिली. हा विवाह टिकला नाही. तथापि विरोध आणि तडजोड या दोन्ही वाटा घराण्याने खुल्या ठेवल्या होत्या, हे त्यावरून स्पष्ट होते.

अथेन्सच्या अगोरात सापडलेला व १९३९ साली प्रसिद्ध झालेला आर्कनांच्या नामावलीचा शिलालेख-खंड या दृष्टीने महत्त्वाचा आहे. इ. स. पू. ५२५-२४ या वर्षासाठी त्यात क्लीस्थेनीसचे नाव असल्याचे बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे हिपिअसच्या राजवटीतच घराण्याचा प्रमुख सर्वोच्च पदावर होता.

पुढे संबंध बिघडल्यावर या घराण्याने डेल्फीच्या मंदिराचे बांधकाम अंगावर घेतले आणि करारात नसताही दर्शनी भाग पॅरॉसच्या संगमरवराचा केला. डेल्फीची देववाणी स्पार्टास अथेन्सच्या मुक्ततेचा आदेश देत राहिली व इ. स. पू. ५१० मध्ये हिपिअस हद्दपार झाला.

त्यानंतर इसागोरसशी झालेल्या स्पर्धेत मागे पडू लागताच क्लीस्थेनीसने सामान्य जनांस आपल्या पक्षात घेतले. इ. स. पू. ५०८-०७ मधील दहा गण आणि पाचशेंची सभा ही या स्पर्धेचीच फलश्रुती होय. परंतु घराण्याने आवाहन केलेली ही शक्ती घराण्याच्या ताब्यात राहिली नाही. इ. स. पू. ४८६ मध्ये क्लीस्थेनीसचा पुतण्या मेगाक्लीस लोकमतानेच हद्दपार झाला. केरामेइकॉस येथे त्याच्या नावाच्या चार हजारांहून अधिक खापऱ्या सापडल्या असून काहींवर त्याच्या अश्वपालनाचाही उल्लेख आहे. ज्या वैभवाने घराण्यास प्रतिष्ठा दिली, तेच आता आरोपाचा विषय झाले होते.